सतरावं पुस्तक

मामांनी यादी मॅडमच्या पुढ्यात ठेवली आणि सही करायच्या जागेवर बोट टेकवलं.

"कायमची गहाळ पुस्तकं, एकूण सतरा. समितीतल्या दोघांच्या सह्या झाल्यात. तुमची झाली की यांची नोंद काढून टाकतो. महिनाअखेरीला मी सुटतोय, नव्या माणसाच्या गळ्यात हे लोढणं नको."

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं तळघर मामा एकतीस वर्षं सांभाळत होते. जुनी, एकेकच प्रत उरलेली पुस्तकं तिथे होती. मॅडम याच विद्यापीठात शिकल्या आणि आता इथेच भूगोल शिकवत होत्या. त्यांची संशोधक विद्यार्थिनी त्यांची पिशवी खांद्याला अडकवून शेजारी उभी होती. ती वाकून यादी वाचत होती.

"मॅडम, सतरावं आपलंच आहे. नदीखोऱ्याच्या पाहणीचं." तिचा आवाज पडला. "सही नका ना करू. साठ वर्षांपूर्वीच्या मोजण्या फक्त त्यात आहेत. दोन वर्षं मी काठाकाठाने माती मोजत हिंडले. आधी किती होती हेच कळलं नाही तर किती वाहून गेली ते कशावरून सांगू?"

"इतके दिवस कुणाच्या भरवशावर बसलीस?" मामांनी विचारलं.

"वरचा कॉम्प्युटर सांगतो, पुस्तक जागेवर आहे."

"तो कधी खाली उतरलाय का?"

ती हसली नाही. तिचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं होतं. सोळा पुस्तकांपुढे नुसतं 'गहाळ' लिहिलं होतं. सतराव्यापुढे होतं, 'परिचराच्या हलगर्जीपणामुळे गहाळ'.

"मामा, परिचर म्हणजे तुम्ही?"

"मग आणखी कोण? तेवढा एकच डाग आहे बघ माझ्यावर. तेवीस वर्षांपूर्वी एका मुलीने तक्रार केली होती. तिचं तरी काय चुकलं? परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. रोज यायची, आणि मी रोज म्हणायचो, उद्या सापडेल." मामांनी मानेनेच मॅडमकडे दाखवलं. "तुझ्या मॅडम तिच्याच वर्गात होत्या. एक दिवस तिच्याबरोबर खाली आल्या आणि दोघींनी मिळून सगळे रॅक पालथे घातले. हात कोपरापर्यंत काळे. दुसऱ्यासाठी एवढी धूळ खाणारं पोर मी पुन्हा पाहिलं नाही."

"मामा, राहू द्या ते," मॅडम म्हणाल्या.

"का राहू द्या? कळू दे की पोरीला, आपण कुणाच्या हाताखाली शिकतोय ते."

मॅडमनी पेन उघडलं. गेले दोन महिने त्या या मुलीला सांगत होत्या, जाऊ दे ते पुस्तक, आपण दुसरा आधार शोधू. दुसरा आधार नाही, हे त्यांना तिच्याआधीपासून ठाऊक होतं. तेवीस वर्षांत त्या एकदाही तळघरात उतरल्या नव्हत्या. पुस्तक हवं असलं की चिठ्ठी पाठवायच्या. आजही सहीसाठी यादी वर मागवली होती, पण मामांचे गुडघे दुखत होते. त्यांनी निरोप धाडला होता, एवढं एक वेळ तुम्हीच या.

पेनाचं टोक कागदाला टेकलं, ते नेमकं 'हलगर्जीपणा' या शब्दाच्या खाली. मॅडमनी पेन बंद केलं आणि त्या उठल्या.

त्या सरळ शेवटच्या रॅकपाशी गेल्या. कुठेही थांबल्या नाहीत, कुठलीही पाटी वाचली नाही.

"तिकडे काही नाही, मॅडम," मामा मागून म्हणाले. "नुसते वार्षिक अहवाल. त्यांना मोजणीच्या वेळीसुद्धा कुणी हात लावत नाही."

"माहीत आहे."

त्या खाली बसल्या. सर्वांत खालच्या फळीवरचे तीन जाड खंड ओढून बाहेर काढले आणि त्या फटीत हात खांद्यापर्यंत घातला. पुस्तक भिंतीला टेकून आडवं पडलं होतं. जसं ठेवलं होतं तसंच.

विद्यार्थिनी धावत आली. धुळीने माखलेल्या पुस्तकावरचं नाव तिने बोटाने पुसून वाचलं.

"मॅडम, तुम्हाला कसं सुचलं?"

अंदाजाने, असं म्हणता आलं असतं. तो शब्द ओठांवर आलाही होता.

"सुचलं नाही. मीच ठेवलं होतं. तिला मिळू नये म्हणून."

मामा फडकं घेऊन मागोमाग आले होते. त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही दोघी शोधत होतात, ते?"

"ती त्या बाजूचे रॅक बघत होती. या बाजूचे मी घेतले होते."

मामांनी पुस्तक पुसलं. पुढून, मागून, चारही कोपरे. मग ते मुलीच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं, आणि खांद्यावरची मॅडमची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

मामांनी पट्टी लावून यादीतली सतरावी ओळ शेऱ्यासकट खोडली. वर 'सतरा'चे 'सोळा' केले. यादी पुन्हा मॅडमपुढे सरकवली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. पण लगेच उचललं. त्यांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

"बाकीची सोळा तरी खरंच हरवलीत ना, मॅडम?"