मुळासकट

धक्क्यासमोरच होडीतून पडून एक पर्यटक बुडाला आणि होडी हाकणाऱ्या विनीतला पोलिसांनी चौकशीस नेले. पोराने लाइफ जॅकेट दिलेच नसणार, या धास्तीने त्याचे वडील विश्राम तांडेल यांना धक्क्यावरील आपल्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग पाहण्याचे धैर्यही झाले नाही.

"नुसता डिलीट करून भागाचा नाय, काका. पोलीस परत काढतले," संगणक दुरुस्त करणारा चंदन म्हणाला.

"मगे मुळासकट पूस. विनीत झील आसा माझो!"

चंदनने साऱ्या डिस्कवर निरर्थक आकडे लिहून जुने सर्व बुजवले. "आता ब्रह्मदेवाकव परत मेळाचा नाय."

विश्रामांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच पोलीस ठाण्यातून विनीतचा फोन आला.


"बाबा, धक्क्यावरचा रेकॉर्डिंग घेवन बेगीन येवा! मी त्या पर्यटकाक घातलेला जाकीट तेणीच काढून फेकल्यान, ता सगळा तेच्यात दिसता."