गाडी थांबली

कोठावदेकाका मोबाइल सरसावून नव्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे होते. शाळेसमोर हे झेब्रा क्रॉसिंग आणि ताशी तीस किलोमीटरची पाटी यावी म्हणून त्यांनी महापालिकेचे उंबरठे झिजवले होते. आता न थांबणाऱ्या एकेका गाडीचा फोटो काढून ते सगळ्यांची जिरवणार होते.

पहिलीच गाडी समोर येऊन थांबली.

गाडी थांबते ती पत्ता विचारायलाच, या खात्रीनं काका खिडकीशी वाकले. "बोला, कुठं जायचंय? मंगल कार्यालय पुढं डावीकडे."

"पत्ता नकोय, काका," चालवणारी मुलगी हसली. "तुमच्यासाठी थांबलेय. जा ना."

मागं हॉर्न वाजू लागले. मुलगी ढिम्म हलेना. भिडेखातर काका निघाले. जन्मभराच्या सवयीनं हात उंचावून, थांबलेल्या गाडीला थांबवत, पळतच.

पलीकडे पोचून धापा टाकताना त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला कुठंच जायचं नव्हतं.