बावीस हजार तास

तौहीद मियांनी यंत्राच्या केबिनमध्ये चढून मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि ते खो-खो हसले.

“बावीस हजार तास! हाजीसाहेब, मागे किती फिरवलाय?”

“हातसुद्धा लावलेला नाही,” नुरुल अबसार खालूनच म्हणाले.

बांगलादेशातल्या चट्टग्राम बंदराजवळच्या त्या रस्त्यावर कंटेनर उचलून रचणारी जुनी यंत्रं विकत. विकणाऱ्यानं यंत्र किती तास चाललं ते दाखवणारा मीटर मागे फिरवायचा आणि घेणाऱ्यानं मनातल्या मनात आकडा दुप्पट करायचा, हा तिथला रिवाज. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे. अबसारांनीही वर्षानुवर्षं तेच केलं होतं. हजहून आल्यावर मात्र त्यांनी मीटरला हात न लावण्याचं ठरवलं, आणि तेव्हापासून एकही यंत्र खपलं नव्हतं. धाकट्या भावानं, खुर्शेदनं, आज सकाळीच सुनावलं होतं, “बद्दा, हे गिऱ्हाईक परत गेलं तर उद्यापासून सगळे मीटर मी फिरवणार. तुम्ही तसबीचे मणी ओढत बसा.”

नारायणगंजहून आलेल्या तौहीद मियांनी थंड इंजिन सुरू करून पाहिलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. भरलेला कंटेनर उचलायला लावला, इंजिन बंद करून तसाच टांगून ठेवला. तो बोटभरही खाली सरकला नाही. तसतसा त्यांचा चेहरा आणखीच आंबट होत गेला.

“रंग जुना, टायर जुने. काहीच झाकलेलं नाही. म्हणजे काहीतरी मोठंच झाकलंय.”

“अल्लाची शपथ...”

“शपथ राहू द्या. समोरच्यानं शपथ घेतली की माझा हात आधी पाकिटावर जातो.”

चहा आला, सोबत तिथली कडक बेला बिस्किटं आली. मियांनी बिस्किट कपात बुडवलंसुद्धा नाही. सलाम करून ते फाटकाकडे निघाले. खुर्शेदनं भावाकडे एकवार पाहिलं आणि मीटर फिरवणाऱ्या मेकॅनिकला बोलवायला फोन काढला.

अबसार धावतच गिऱ्हाइकामागे गेले. फाटकाशी त्यांनी मियांची बाही धरली. नजर जमिनीवर.

“चव्वेचाळीस हजार तास,” ते पुटपुटले आणि मनातल्या मनात त्यांनी तोबा केली.

तौहीद मियां गर्रकन वळले. हाजींचे लाल झालेले कान, खाली गेलेली मान त्यांनी निरखून पाहिली.

“मीही चव्वेचाळीसच धरले होते! भाव मात्र चव्वेचाळीसचाच देईन.”

“द्या.”

मियांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच विरल्या. त्यांनी हाजींना छातीशी कवटाळलं आणि खुर्शेदला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

“अख्ख्या रस्त्यात खरं बोलणारा एक तरी माणूस निघाला!”