जुलाबाचं झुडूप

आग्नेसला या वर्षी झुडपाची साल काढायचीच नव्हती. पण ओटीवरच्या आरामखुर्चीतून बॅप्टिस्टनं सकाळीच विचारलं, “राखेचा बुधवार होऊन, उपास लागून आठवडा झाला. झुडपाला हात नाय लावलास अजून?”

“लावते की. पळून चाललंय काय ते?” म्हणत ती कोयती घेऊन विहिरीकडे निघाली.

वटार गावातल्या त्यांच्या वाडीत, विहिरीच्या कडेला ते झुडूप होतं. खरं नाव कुणाला ठाऊक? सगळे आपले जुलाबाचं झुडूप म्हणायचे. साल सोलायची, ओटीवर दोरीला टांगायची आणि पुढच्या वर्षी उकळून प्यायची. ताजी प्यालात तर मेलात. मुरडा काय, उलट्या काय! वर्षभर सावलीत वाळली की मग ती माणसात येते. नवराबायको दोघांचंही पोट जन्माचं हट्टी. चाळीस वर्षांच्या संसारात सकाळचा पहिला प्रेमाचा शब्द कुठला, तर ‘झालं का साफ?’ आता दुखण्याच्या गोळ्यांनी बॅप्टिस्टच्या पोटाचा पार दगड केला होता, त्याला काढा रोज लागायचा.

आज काढलेली साल लागणार पुढच्या वर्षी. आणि डॉक्टर तर त्यांच्या लेकाला, ज्युडला, बाजूला घेऊन म्हणाले होते, बाबा पाऊस बघतील असं वाटत नाही. बॅप्टिस्टला हे सांगायचं नाही, अशी शपथ आग्नेसनं लेकाला घातली होती. साल काढली नाही तर म्हातारा ओळखणार. त्याच्या वाटणीची काढायची तर कुणासाठी? त्याला उठवून-बसवून तिचे खांदे भरून आले होते. खरं सांगायचं तर तिला नुसतं आडवं व्हायचं होतं.

तिनं फांदी वाकवली, कोयतीच्या टोकानं उभी चीर दिली आणि अंगठा आत घातला. सोलायची ती एकाच बाजूची, नाहीतर फांदी मरते. दर वर्षी फांदी धरायला तो असायचा. आज ती दोनदा निसटून तिच्या तोंडावर बसली.

“मुडदा बशिवला तुझा!” ती झुडपावर ओरडली. ओटीवर बॅप्टिस्ट हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

दुपारी ती साल घेऊन ओटीवर आली आणि त्याच्या पायाशी बसून जुड्या बांधू लागली. कमी दिसायला नको म्हणून तिनं दर वर्षीपेक्षा जास्तच काढली होती.

“एवढी?” त्यानं विचारलं.

“लागते ना वर्षाला. मागल्या खेपेला पुरली नाय.”

त्यानं एक पट्टी उचलली, नाकाशी धरली आणि हळूच तिच्या ओच्यात ठेवली.

“माझ्या वाटणीची झाडावरच ठेवायची होतीस, आग्नेस.”

तिच्या हातातली सुतळी तिथंच थांबली. इतके दिवस आवरून धरलेलं रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि कोयती उचलली.

“आता कुठं चाललीस?”

“एक फांदी राहिलीय,” ती म्हणाली.