आईला फोन सरळ धरता येत नाही

"आजोबा, फोटोत काहीतरी लटकणारं शोधा," तो हेडफोनच्या माइकमध्ये म्हणाला. "पडदा, दोरी, दिवा, काहीही."

पलीकडे आजोबांनी बराच वेळ घसा खाकरला. "टॉवेल आहे."

"कुठल्या बाजूला लोंबतोय?"

"उजवीकडे."

"मग उजवी बाजू म्हणजे खाली. आता पेन्सिलीचं चिन्ह दाबा, मग गोल बाण. टॉवेल खाली आला की थांबा."

टॉवेल खाली आला. आजोबांनी तोंडभर आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

मोबाइलच्या हेल्पलाइनवर तो सात वर्षं हेच करत होता. फोटो आडवा येतो, व्हिडिओ उलटा दिसतो, स्क्रीन फिरतच नाही. ऑफिसात सगळे त्याला फिरकीमास्तर म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते आवडायचं.

साऱ्या जगाचे फोन सरळ करणाऱ्या या मास्तरांची आई मात्र दाद देत नव्हती. ती दोन गाड्या बदलून दीड दिवस लागेल इतक्या लांब, एकटी राहायची. तिकडे रेंज यथातथाच, व्हिडिओ कॉल लागला तरी तुटायचा. म्हणून ती रोज सकाळी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवायची. पहिल्यापासून आडवा. त्याने डोकं फोडून शिकवलं तेव्हा दोनेक महिने सरळ आले. गेल्या महिन्यापासून पुन्हा तेच.

"आई, फोन उभा धर. उभा!"

"अरे, मी धरतच नाही. शेजारच्या मावशीने स्टँड आणून दिलाय, त्यावर ठेवते."

"मग स्टँड आडवा असेल."

"असेल बाबा," आई हसायची. "तू आहेस ना सरळ करायला."

व्हिडिओ आला की तो आधी बाण दाबायचा, मग बघायचा. हाताला सवयच लागली होती. आईचा चेहरा उभा झाला की त्याला बरं वाटायचं. मागे पांढरी स्वच्छ भिंत. केस सगळे एका बाजूला गेलेले, गळ्यातली साखळीही तिकडेच ओढलेली. "केवढा मोठा पंखा लावतेस!" तो फोनवर कुरकुरायचा. एकदा तर चिडलाच. भिंतीवरून एक पातळ वायर आडवी गेली होती आणि मध्येच फुगीर जोड दिलेला होता.

"ती जोडाची वायर आधी काढून टाक. शॉक बसायचा एखाद्या दिवशी."

"उद्या वायरमन येणारे," आई म्हणाली. आवाज खोल गेल्यासारखा होता. घसा बसलाय, ती म्हणाली. "ते जाऊ दे. तू जेवलास का?"

त्याच आठवड्यात साहेबांनी दोघांना बोलावलं. आठ दिवसांची रजा एकालाच मिळणार होती. मागणारे दोघे, तो आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र. मित्राच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

"तुमच्या घरी कोणी आजारी आहे का?" साहेबांनी त्याला विचारलं.

तो विचारून सांगतो म्हणाला. दोन वर्षं त्याने आईला समोर बसून पाहिलं नव्हतं, आणि या वेळी काही झालं तरी जायचंच असं त्याने मनाशी ठरवलं होतं. जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला.

"आई, येऊ का गं?"

"मला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे मी. त्याच्या वडिलांना गरज आहे, त्याला जाऊ दे. आणि हे बघ, रजा नसताना पळत येऊ नकोस."

वडील गेले तेव्हा तो असाच पळत गेला होता आणि नोकरी जाता जाता वाचली होती. आई ते विसरली नव्हती.

"कोणी आजारी नाही," त्याने साहेबांना सांगितलं. मित्राने त्याला घट्ट मिठी मारली आणि सोमवारी तो गेलासुद्धा. आता याची पाळी तीन महिन्यांनी. शेजारचं रिकामं टेबल बघून त्याला फार एकटं वाटायचं, पण करणार काय?

गुरुवारी नवी माणसं शिकायला आली. "आडव्या व्हिडिओचा खराखुरा नमुना दाखवा त्यांना," साहेब म्हणाले.

"आमच्या मातोश्रींपेक्षा चांगला नमुना शोधून सापडायचा नाही."

सकाळी उठायला उशीर झाल्यामुळे आजचा व्हिडिओ त्याने अजून उघडलाही नव्हता. आयतीच सोय झाली. न फिरवता, आला तसाच त्याने तो वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लावला.

"ही माझी आई. हिला फोन सरळ धरता येत नाही." सगळे हसले. "सांगा बघू, यात खाली कुठली बाजू?"

"मी मजेत आहे," पडद्यावरची आई म्हणाली. "वेळेवर जेवत जा." पुढे तिने थोडा दम घेतला आणि व्हिडिओ संपला. त्याने तो पुन्हा लावला. वर्गातले सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, लाजताय कशाला? लटकणारं काहीतरी शोधा."

पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या बाई हळूच उभ्या राहिल्या. "साखळी खालीच लोंबतेय, सर. आणि मागची ती नळीसुद्धा वरून खाली आलीये."

"नळी नाही हो, वायर आहे ती," तो हसून म्हणाला. "त्यावरून तर आमचं भांडण झालंय."

बाई हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या आणि फुगीर जोडावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"वायरमधून थेंब पडत नाहीत, सर. व्हिडिओ सरळच आहे."