हातमोज्यांचे दोन जोड

माझ्या लेकीचा, मुंगीचा, रक्ताचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटला, तेव्हापासून माझा कुणावर म्हणून विश्वास राहिला नव्हता. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकूनच पिणार. केमोच्या प्रत्येक पिशवीवरचं नाव मी स्वतः वाचायची, तारीख बघायची, आणि सिस्टरवर तर माझी घारीसारखी नजर असायची. ती बाई अंगात झगा आणि हातांत एकावर एक हातमोज्यांचे दोन जोड चढवल्याशिवाय त्या पिशवीला शिवायची नाही.

"औषध एवढं गुणाचं आहे, तर तुम्हाला हात लावायची भीती का वाटते?" मी एकदा तिला धारेवर धरलं.

"जहाल आहे ताई, आमच्या कातडीला लागू द्यायचं नसतं. केमो नसेल तेव्हा कुठे घालते मी दोन-दोन?"

"तुमची कातडी तेवढी नाजूक, आणि माझ्या पोरीच्या शिरा लोखंडाच्या?"

ती पिशवी स्टँडला अडकवून थेंब मोजायला लागली. मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आज सकाळी डॉक्टर मुंगीच्या बाबांना बाहेर घेऊन गेले, ते बराच वेळ परतलेच नाहीत. केमोची वेळ झाली तशी सिस्टर आली. पिशवी नाही, झगा नाही. खाटेच्या कडेला बसून तिने मुंगीचा हात आपल्या उघड्या हातांत घेतला.

"आई, सिस्टरचे हात किती गरम आहेत गं," मुंगी म्हणाली.



मी फळीवरचं हातमोज्यांचं खोकं काढून सिस्टरपुढे धरलं. "घाला ना, सिस्टर. मी पुन्हा काही बोलणार नाही."