दीड महिन्याची पिल्लं

गोरोबानं डालगं अंगणात ठेवलं आणि वरचं पोतं बाजूला केलं. आत आठ पिल्लं होती. लांब माना, उघड्या मांड्या, अर्धवट फुटलेली पिसं. धड पिल्लं नाहीत, धड कोंबड्या नाहीत.

"हे काय वं?" अयोध्या दारातून म्हणाली. "तुमाला साडी आन् ओटीचं सामान आणाया कळंबला धाडलं हुतं."

"बाजारात दिसली. घेतली," गोरोबा म्हणाला आणि पाय धुवायला निघून गेला.

शिवरंजनी दाराशी उभी होती. तिला काही कळेना. ती पंचमीला माहेरी आली होती आणि येत्या रविवारी तिचा नवरा सुरज तिला न्यायला येणार होता. लेकीच्या पाठवणीची साडी आणायची, एवढंच काम तिच्या वडलांकडं, अण्णांकडं होतं. येरमाळ्याच्या शाळेत तीस वर्षं शिपाई राहिलेल्या या माणसानं उभ्या जन्मात कोंबडी पाळली नव्हती.

त्या दिवसापासून घरात नुसता गोंधळ. अण्णांनी अख्खी ज्वारी टाकली. पिल्लांनी चोच मारून सोडून दिली. शेजारीण म्हणाली कणी घाला, तिचा नवरा म्हणाला मक्याचा भरडा. एक पिल्लू दिवसभर डोळे मिटून कोपऱ्यात बसलं, ते आजारी की झोपेत, कुणालाच सांगता येईना.

"शिवा, काय करावं गं?" अण्णा प्रत्येक वेळी तिलाच विचारत.

तिनं फोनवर शोधलं. तिथं एक जण गूळपाणी द्या म्हणत होता, दुसरा चुकूनही देऊ नका म्हणत होता. शेवटी दोघं डालगं घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "मानमोडीची लस झालीय का?"

"मला न्हाय ठावं," अण्णा म्हणाले. "समदं हिला सांगा."

डॉक्टरांनी लस दिली, पुढची तारीख सांगितली आणि कार्ड पुढं ओढलं. "मालक कोण लिहू?"

"शिवरंजनी," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर ती चिडलीच. "अण्णा, मी रविवारी चालले. मला कशाला ह्यात गुतवता?"

"बरं," अण्णा म्हणाले. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "खुराड्याचं दार उगवतीकडं करावं का मावळतीकडं?"

तिला त्यांची काळजी वाटायला लागली. रिटायर झाल्यापासून माणूस असा भरकटतो का? आईला विचारलं तर आई म्हणाली, "मला बी काय उमजंना झालंय. साडीचं नाव काढलं की उठून जात्यात."

शुक्रवारी दोघं खुराड्याला जाळी मारायला बसले. वरची तार बांधायला तिनं उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला नाही. तिनं गुपचूप डाव्या हातानं तार धरली. आली त्या दिवशी आईनं अण्णांसमोर विचारलं होतं, तेव्हा घागर उचलताना हात लचकला म्हणून तिनं सांगितलं होतं. आईनं रोज तिची वेणी घातली आणि पुन्हा विचारलं नाही.

अण्णांनी तिच्या हातातून तार घेतली. "भूमला तुमच्या घरात नळ हाय म्हणं," ते जाळीकडं बघत म्हणाले.

"हाय की."

"व्हय," एवढंच म्हणून ते तार पिळत राहिले. त्यांना काय म्हणायचं होतं, तिला कळलं नाही. कळलं असतं तर काय बोलायचं, तेही तिला कळत नव्हतं. लग्नाला दीड वर्षच झालं होतं. हात उगारणारा माणूस सुधारतो, असं सासरी सगळेच सांगत होते.

रविवारी दहाच्या सुमाराला सुरज मोटारसायकलवर आला. चहा झाला. अयोध्या आत-बाहेर करत होती. साडी नाही, ओटी नाही, लेकीला रिकामी कशी धाडायची?

"चल, बॅग आण," सुरज म्हणाला.

अण्णा खुराड्यापाशी उकिडवे बसले होते. तिथूनच म्हणाले, "पाव्हणं, तिला न्हाय धाडता यायचं. ही पिल्लं तिच्यावर हायेत."

सुरज हसला. "मामा, पिल्लांसाठी माझी बायको ठिवून घेता? कवापातूर?"

"अंड्यावर यायला पाच म्हैने." अण्णांनी एक बोट मिटलं. "मग खुडूक बसत्याल. मग अंड्यावर एकवीस दिस. पिल्लं निघाली की घारी हायेत, मांजरं हायेत, त्यांस्नी जपायचं. ती मोठी व्हायची, मग ती अंड्यावर." बोटं संपली. ते उठून उभे राहिले. "ह्याला शेवट न्हाय, पाव्हणं."

शिवरंजनी वडिलांकडं बघत राहिली. आठवडाभर तिला दाणा कोणता घालू म्हणून विचारणारा माणूस आज एकदाही अडखळला नव्हता. आत अयोध्यानं कपबशी खाली ठेवली आणि ती दारात येऊन उभी राहिली.

सुरजचं हसू गेलं. "कोंबड्यांच्या गोष्टी मला सांगू नका. शिवा, बॅग आण म्हणलो ना?"

अण्णा काही बोलणार, तेवढ्यात ती मधे आली.

"कोंबड्यांचं नाव कशाला, अण्णा?" ती म्हणाली. मग सुरजकडं वळली. "मलाच यायचं न्हाय."